ग्लेझ सरकून माती उघडी पडते? भट्टी लावायच्या आधी कच्चा थर बघा

भट्टी उघडली की रंग नीट आलेला असतो, चकाकीही असते, पण कपाच्या कानाच्या मुळाशी रुपयाएवढी लाल माती उघडी. भोवतीचं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेचा थर, मागे सरकून कडेला जाड गोळा झालेलं. पुढच्या खेपेला त्याच बादलीतलं ग्लेझ दुसऱ्या वाडग्यावर बिनतक्रार बसतं, आणि त्याच्या पुढच्या खेपेला परत सरकतं. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ज्यांनी हौसेनं घरी छोटी इलेक्ट्रिक भट्टी घेतली आणि ग्लेझ स्वतः कालवायला लागले, त्यांची हीच ओरड सगळ्यात जास्त ऐकू येते. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

बहुतेक जण पहिला हात भट्टीवर टाकतात. तापमान वीस डिग्री चढव, शेवटचा थांबा वाढव, वेग कमी कर. त्यानं कधी फरक पडतो, कधी नाही, आणि विजेचं बिल तेवढं नक्की वाढतं. ग्लेझ सरकतं भट्टीत, पण सरकणार की नाही हे बादलीत आणि कच्च्या थरावरच ठरलेलं असतं. भट्टी लावायच्या आदल्या संध्याकाळी ते डोळ्यांना दिसतं, फक्त बघायची सवय पाहिजे.

आधी दुखणं तेच आहे ना, याची खात्री करा. सरकलेल्या ग्लेझची कड गोल, गुळगुळीत असते, कारण ते वितळलेलं असताना मागे गेलेलं असतं. कड धारदार असेल, नखानं टवका उडत असेल, तर ते वेगळं: भाजल्यानंतर थंड होताना ग्लेझ आणि माती यांचं आकुंचन जुळलेलं नाही. असे टवके पोटात जाऊ शकतात, ते भांडं खाण्यासाठी वापरू नका. केसासारख्या बारीक भेगांचं जाळं हे तिसरंच प्रकरण. टाचणीएवढी भोकं हे चौथं. या तिघांचे उपाय इथले नाहीत.

आता कच्चा थर. ग्लेझ लावून वाळलेला कप खिडकीशी न्या, मोबाइलची टॉर्च लावा आणि प्रकाश समोरून न टाकता बाजूनं, तिरपा टाका. कान जिथे चिकटतो तो कोपरा, वाडग्याचा आतला तळ, काठाखालची खाच बघा. तिथे आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा दिसल्या तर तो कप भट्टीत जायच्या लायकीचा नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंचे तुकडे कडेनं किंचित उचललेले असतात. बोट अलगद फिरवलं तर पापुद्रा सुटतो. ही भेग म्हणजेच उद्याची उघडी माती.

कारण सरळ आहे. थर वाळताना आकसतो आणि फाटतो. भट्टीत प्रत्येक तुकडा आपापला वितळतो, आणि वितळलेली काच पृष्ठताणामुळे स्वतःला गोळा करू बघते. काच पातळ, वाहती असेल तर ती पसरून भेग बुजवते. म्हणून पारदर्शक ग्लेझ पुष्कळदा निभावून जातं. काच घट्ट असेल तर तुकडे तिथेच गोल होऊन बसतात. झिरकोनियम सिलिकेट किंवा टिन ऑक्साइड घातलेलं पांढरं ग्लेझ आणि मॅग्नेशियम जास्त असलेलं मॅट ग्लेझ सगळ्यात जास्त सरकतं ते याच्यामुळे. बोरॉन उलट काम करतो, पृष्ठताण कमी करतो. तुमचं पारदर्शक ग्लेझ ठीक बसतंय आणि त्यातच दहा टक्के झिरकोनियम घातल्यावर सरकायला लागलंय, तर दोष झिरकोनियमचा नाही. भेग आधीही पडत होती, पण ती भरून निघत होती.

थोडक्यात, भेग कशामुळे पडते ते शोधायचं.

पहिला संशयित पाणी. घरी ग्लेझ कालवताना "दह्याएवढं घट्ट", "ताकाएवढं पातळ" असं मापानं सांगतात. कढी करायला हे माप ठीक आहे. ग्लेझला घनता मोजा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मोठ्या सिरिंजनं किंवा मापाच्या नळीनं नेमकं १०० मिलिलिटर ग्लेझ घ्या, रिकाम्या भांड्याचं वजन वजा करा. १४५ ग्रॅम भरलं तर घनता १.४५. फ्रान्समधल्या सेव्हर इथल्या पोर्सिलेन कारखान्याचा १८०० ते १८४७ या काळातला संचालक अलेक्सांद्र ब्रोन्यार याच्या नावाचं एक सूत्र आहे, त्यानं यातली कोरडी पावडर किती ते निघतं. पावडरीची घनता २.६ धरली तर १०० मिलिलिटरच्या वजनातून १०० वजा करायचे आणि उरलेल्याला १.६२५ नं गुणायचं. १४५ ग्रॅमच्या मापात साधारण ७३ ग्रॅम पावडर आणि ७२ ग्रॅम पाणी. तेच वजन १३० ग्रॅम आलं तर पावडर जेमतेम ४९ ग्रॅम आणि पाणी ८१. दुसऱ्या बादलीतून पुरेसा जाड थर हवा तर भांडं जास्त वेळ बुडवावं लागणार, किंवा दोनदा बुडवावं लागणार, आणि तेवढं जास्तीचं पाणी थरातून बाहेर पडताना थर आकसणार. सच्छिद्र लाल मातीच्या बिस्क, म्हणजे ग्लेझ लावायच्या आधी एकदा भाजून घेतलेल्या, भांड्याला १.४० ते १.४५ च्या आसपास ठेवा, दोन-तीन सेकंद बुडवा, थर टाचणीनं खरवडून बघा. पोस्टकार्डाची जाडी पुरे, पांढऱ्याला थोडी जास्त.

इथे एक सापळा आहे आणि आपल्याकडे लोक हमखास त्यात अडकतात. ग्लेझ बादलीच्या तळाशी दगडासारखं बसतं म्हणून कुणीतरी सांगतं, एप्सम सॉल्ट घाल. शेतीच्या दुकानात मॅग्नेशियम सल्फेट खत म्हणून किलोनं मिळतं, स्वस्तही असतं. उपाय बरोबर आहे: त्यानं कण एकमेकांना सैलसर धरून राहतात आणि तळाशी बसत नाहीत. पण चिमूटभराच्या जागी चमचाभर पडलं की ग्लेझ एकदम घट्ट होतं. मग "घट्ट झालं" म्हणून त्यात पाणी ओततात. दिसायला पुन्हा छान, घनता मात्र १.३० वर. बसण्याचा रोग गेला आणि सरकण्याचा आला. तेव्हा क्रम असा: आधी घनता ठरवायची, मग एप्समचं पाणी करून ते थेंबाथेंबानं घालत ढवळायचं, आणि एप्सम पडल्यावर पाण्याच्या तांब्याला हात लावायचा नाही. बोअरचं जड पाणीही काहीसं हेच काम करतं, कारण त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार ग्लेझला घट्ट करतात. त्याच पाककृतीला शहरातली मैत्रीण कमी पाणी घालते आणि बोअरवाली जास्त, मग दोघी एकमेकींच्या वजनकाट्यावर संशय घेतात. पावसाच्या पाण्यात शंभर ग्रॅमचा नमुना कालवून बघा, भानगड मिटते.

दुसरा संशयित पाककृतीतली कच्ची माती. ग्लेझमध्ये चायना क्ले किंवा बॉल क्ले असतेच. तीच बाकीच्या पावडरी पाण्यात तरंगत ठेवते आणि थराला भांड्यावर धरते. पण माती वाळताना आकसते. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत सहसा त्रास नाही. उच्च तापमानाचं जगभर चालणारं ४०-३०-२०-१० हे गणित बघा: फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ ३०, कॅल्शियम कार्बोनेट २०, चायना क्ले १०, साधारण १२८० डिग्रीला. आपल्या लाल मातीसाठी १०५० च्या आसपासचं साधं पारदर्शक ग्लेझ म्हणजे बोरॅक्स फ्रिट (आधी वितळवून दळलेली काच) ८५, चायना क्ले १५. दोन्हींत माती मर्यादेत आहे. वीसच्या पुढे गेलात की संशय घ्या, आणि मॅट ग्लेझच्या पाककृतींत ती पंचवीस-तीसपर्यंत सहज असते.

माती कमी करून चालत नाही, कारण तिच्यातलं अॅल्युमिना गेलं तर मॅटचं चकचकीत होईल, उभ्या भिंतीवरून ओघळेल. करायचं ते एवढंच, थोडी माती आधी भाजून घ्यायची. चायना क्ले बिस्कच्या वाडग्यात सैल भरा आणि पुढच्या बिस्क भट्टीत एका कोपऱ्यात ठेवून द्या. भाजल्यावर तिच्यातलं रासायनिक पाणी जातं, साधारण १४ टक्के वजन घटतं, आणि ती परत आकसत नाही. पाककृतीत चायना क्ले २८ असेल तर १२ कच्ची ठेवा. उरलेल्या १६ च्या जागी १६ गुणिले ०.८६, म्हणजे १३.८ भाजलेली घाला. रसायन तेच राहतं, आकसणं निम्म्यावर येतं. सगळीच्या सगळी भाजलेली घालू नका, मग ग्लेझ तळाशी दगड होईल आणि तुम्ही पुन्हा एप्समच्या पुडीकडे वळाल. झिंक ऑक्साइडलाही हीच युक्ती लागू आहे. ते फार बारीक असतं, कच्चं जास्त पडलं की थर फाडतं.

आता आपल्या भागातल्या दोन गोष्टी, ज्या पुस्तकी पाककृतींत सापडत नाहीत.

खानापूर-जांबोटीकडे भात मुबलक, त्यामुळे तुसाची राख फुकट मिळते. तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असतं, म्हणून क्वार्ट्झच्या जागी ती घालायचा मोह होतो, आणि तो चांगला मोह आहे. पण ही राख कापसासारखी फुगीर. वजनात तीस ग्रॅम घातली तरी ती पाणी पिऊन बादलीचा लगदा करते, मग पाणी वाढतं, मग पुढचं सगळं वर सांगितलंच आहे. त्यातून राख काळी असेल तर तिच्यात न जळलेला कोळसा शिल्लक असतो. राख बिस्क भट्टीत पुन्हा जाळून करडी-पांढरी करा, ओली खलात घोटा, बारीक जाळीतून गाळा, आणि तरीही अर्धंच क्वार्ट्झ राखेनं बदला. कोरडी राख आणि कोरडं क्वार्ट्झ हाताळताना एन-९५ मास्क हवाच. सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते. ओट्यावर सांडलेली पावडर झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आणि स्वयंपाकघरातला मिक्सर यासाठी काढायचा नाही, घरातले काही म्हणोत वा न म्हणोत.

दुसरी गोष्ट काळी माती. सौंदत्ती, गोकाक, रामदुर्गकडची काळी शेतजमीन पाण्यात कालवून तिचं तपकिरी ग्लेझ करायची कल्पना कुणाला ना कुणाला सुचतेच, आणि जास्त तापमानाला, फेल्डस्पार किंवा फ्रिटची साथ दिली तर रंग खरोखर देखणा येतो. पण उन्हाळ्यात त्या रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात हे आपण लहानपणापासून बघतोय. फुगणारी-आकसणारी तीच माती तुम्ही न आकसणाऱ्या बिस्कवर लावताय. फाटणार नाही तर काय होईल! दोन वाटा आहेत. एक, काळी माती आधी भाजून मग वापरायची, बरोबर थोडीच कच्ची. दुसरी, बिस्कवर न लावता भांडं अर्धवट ओलं असतानाच लावायची, म्हणजे दोघंही बरोबर आकसतात. दुसरी मला जास्त आवडते, पण तिथे भांडं पाणी पिऊन ढासळायचीही शक्यता असते, जाड बुडाच्या भांड्यावर करून बघा. काळ्या मातीतले चुनखडीचे खडे मात्र गाळून काढा, नाहीतर भाजल्यावर महिन्याभरानं ते फुगून टवके पाडतात.

जांभ्याची लाल माती याबाबतीत बरीच गरीब आहे. लोह भरपूर, आकसणं कमी.

सरकलेली जागा कुठे आहे, यावरूनही बरंच कळतं. सगळ्या भांड्यावर असेल तर बादली तपासा. फक्त कोपऱ्यात आणि खाचेत असेल तर थर जाड झालाय: वाळल्यावर तिथलं ग्लेझ बोटानं घासून पातळ करा, कच्च्या थरावरच्या बारीक भेगाही अशाच घासून बुजतात. जिथे रंगानं नक्षी काढली फक्त तिथेच असेल तर रंगाचा थर जाड आणि भुसभुशीत आहे, त्यात थोडं फ्रिट मिसळा किंवा नक्षी आधी भाजून घ्या. आणि एकाच बाजूला, चार बोटं आणि एक अंगठा जुळतील अशा ठिकाणी असेल, तर तेल. डोक्याला खोबरेल लावून वेणी घातली आणि त्याच हातानं बिस्क उचललं, एवढं पुरतं. बिस्क उचलायच्या आधी हात साबणानं धुवा. तेलकट झालेलं भांडं पुसून भागत नाही, पुन्हा बिस्कला घाला, तेल जळून जातं.

धूळ साधी गोष्ट आहे पण मार्च ते मे तिच्यापासून सुटका नाही. बिस्क ओल्या स्पंजनं पुसा, आणि पुसल्यावर वाळू द्या. लगेच बुडवू नका. ओलं बिस्क ग्लेझ शोषत नाही, थर नीट धरत नाही. बिस्क फार कमी तापमानाला, ८५० वगैरेला काढत असाल तर ते इतकं तहानलेलं असतं की क्षणात जाड थर ओढून घेतं. ९५० ते १००० पर्यंत न्या.

आणि मग आपला पावसाळा. कणकुंबी-खानापूरकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा वाळत नाहीत, तिथे ग्लेझ लावलेलं भांडं एका रात्रीत वाळलं असं समजणं म्हणजे भाबडेपणा. वरून थर कोरडा दिसतो, हाताला पांढरी पावडर लागते, पण मातीच्या आत पाणी असतं. भट्टी शंभरच्या पुढे गेली की त्याची वाफ थराला आतून ढकलते आणि थर सुटतो. खानापुरातल्या एका म्हाताऱ्या कुंभारमामांनी मला भांडं उलटं करून त्याचं ग्लेझ नसलेलं बूड माझ्याच गालाला टेकवायला लावलं होतं. "अक्का, गार लागतंय न्हवं? मग आत अजून पाणी हाय. ऱ्हाऊ दे की उद्यापत्तोर." हवेपेक्षा बूड गार लागलं तर बाष्पीभवन चालू आहे, एवढं साधं शास्त्र. यापेक्षा भरवशाचं यंत्र मी वापरलेलं नाही. पावसाळ्यात भट्टीचं झाकण दोन बोटं उघडं ठेवून ८०-९० डिग्रीला दोन-तीन तास थांबा आणि मगच चढवा. थर एकदा पूर्ण वाळल्यावर वरून दुसरा थरही देऊ नका. द्यायचाच तर पहिल्याची चकाकी जाऊन तो मऊसर ओला असताना द्या.

पुष्कळांनी विचारलेलं म्हणून बोरॅक्सबद्दल दोन वाक्यं. किराणा किंवा आयुर्वेदिक दुकानातला टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, कच्चा घालून फ्रिटचे पैसे वाचत नाहीत. तो पाण्यात विरघळतो, पाण्याबरोबर बिस्कच्या आत जातो, उरलेला बादलीत थंडीच्या दिवसांत खड्यांच्या रूपात जमतो, आणि प्रत्येक बुडवणीला ग्लेझचं रसायन बदलत जातं. फ्रिटमध्ये तोच बोरॉन काचेत बांधलेला असतो. आणि कुणी जुन्या पद्धतीचं शिसं, शेंदूर घालायला सांगितलं तर खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी ते ऐकूच नका.

डिंकानं काम होतं का? काही प्रमाणात. शंभर ग्रॅम कोरड्या पावडरीला अर्धा ग्रॅम सीएमसी (सेल्युलोजपासून केलेला डिंक) गरम पाण्यात रात्रभर भिजवून घातलं तर थर चिवट होतो, हाताळताना पावडर झडत नाही. बाभळीचा डिंकही चालतो. पण पाणी जास्त आणि माती जास्त हे मूळ तसंच ठेवून नुसता डिंक घातलात तर फाटायचं तेवढं फाटतंच. शिवाय डिंक घातलेली बादली उन्हाळ्यात आठवड्यात नासते, वास मारते. लागेल तेवढंच कालवा.

भाजून सरकलेलं भांडं वाचवता येतं का, हा नेहमीचा शेवटचा प्रश्न. कधीकधी. काचेवर ग्लेझ धरत नाही, कारण शोषायला काही नाही. भांडं हेअर ड्रायरनं किंवा भट्टीतच हाताला चटका बसेल इतपत गरम करा, सीएमसी घातलेलं घट्ट ग्लेझ उघड्या जागेवर ब्रशनं ठिपक्याठिपक्यानं भरा, कडेच्या जाड गोळ्यावर चढू देऊ नका, आणि आधीपेक्षा वीसेक डिग्री खाली पुन्हा भाजा. मूळ कारण तेल किंवा धूळ असेल तर पुष्कळदा जमतं. मूळ कारण जाड थर असेल तर त्याच जागी परत सरकतं, आणि तेव्हा त्यात कोरफड लावलेली बरी. लाल मातीच्या भांड्यात उघडी राहिलेली जागा पाणी आणि तेल पिते, तिथे दही-लोणचं ठेवायचं नाही.

एक जाता जाता. सरकणाऱ्या ग्लेझचे मणी सुटून भट्टीच्या फळीवर पडतात आणि तिथे कायमचे चिकटतात. फळीवर चायना क्ले आणि अॅल्युमिना हायड्रेट निम्मं-निम्मं पाण्यात कालवून ब्रशनं दोन पातळ हात द्या. अॅल्युमिनाचा कारखाना आपल्या बेळगावातच आहे आणि आपण मात्र त्याची छोटी पुडी ऑनलाइन मागवतो, गंमतच आहे. लेप फळीच्या वरच्या बाजूलाच द्या. खालच्या बाजूला दिलात तर तो खपल्यांनी सुटून खालच्या वाडग्यात पडेल. चायना क्ले निम्मी भाजलेली घेतलीत तर लेपसुद्धा सुटत नाही, कारण तिथेही आकसण्याचाच प्रश्न असतो.